नायट्रोजनच्या जागी

धुळ्याच्या देवपुरातून मुंबईची बस दुपारी चारला सुटायची; तिथून पुढे मला आयर्लंडचं विमान होतं. आई दोनपासूनच तयार होऊन बसली होती. प्रभाकरभाऊ कामावरून थेट मला सोडायला आले, अंगावर भिंत फोडल्याची पांढरी धूळ तशीच. एसी बसवणं मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. पुढे आठ वर्षं धुळे-जळगावात आम्ही जोडीने काम केलं. बस हलायच्या बेतात असताना ते खिडकीशी आले आणि म्हणाले, "तठे जाईसन आठेसारखं करू नको. बठ्ठं नीट शिकी ले."

आईला वाटलं, भाऊ वागण्याबोलण्याचं सांगताहेत. ते कामाचंच बोलत होते, आणि कोणत्या कामाचं ते फक्त मला कळलं.

त्याच उन्हाळ्यात जळगावच्या एका कापड दुकानात आम्ही नवा एसी बसवला होता. तांब्याची नळी जोडून झाली की तिच्यात कोरडा नायट्रोजन दाबाने भरायचा आणि सांध्यांना साबणाचा फेस लावून गळती बघायची, ही रीत. त्या दिवशी नायट्रोजनची टाकी रिकामी निघाली. दुकानाचं उद्घाटन होतं, पाहुणे घामाघूम होऊन बसले होते, मालक दर पाच मिनिटांनी येऊन उभा राहत होता. वेल्डिंगसाठी आणलेली ऑक्सिजनची टाकी शेजारीच होती. मी तिची नळी लावायला घेतली तसा भाऊंनी माझा हात धरला.

"ऑक्सिजन भरू नको. तेलले लागना तर फुटी."

"भाऊ, हे तुमच्या उस्तादांच्या काळातलं झालं," मी म्हणालो. माझ्याकडे आयटीआयचं सर्टिफिकेट होतं, त्यांच्याकडे नव्हतं. ते मी बोलून दाखवलं नाही, पण त्यांनी ऐकलं.

मी ऑक्सिजन भरला. काही झालं नाही. थंड हवा सुरू झाली, मालकाने पेढे दिले. भाऊ ऑक्सिजनच्या टाकीकडे बघत हत्यारं पिशवीत भरत होते.

आता मी आयर्लंडमध्ये हीट पंप बसवतो. यंत्र एसीचंच भावंड, फक्त काम उलटं. आपल्याकडे घरातली उष्णता बाहेर फेकायची, इथे बाहेरच्या गारठ्यातून ओढून घरात आणायची. पहिल्याच महिन्यात कंपनीने कोर्सला बसवलं. नळी कापल्यावर कड साफ करा, ठरलेला जोर लागला की टक् वाजणाऱ्या पान्यानेच नट आवळा, नायट्रोजन भरून दाबाचा काटा हलतो का ते थांबून बघा, मग आतली हवा पूर्ण ओढून घ्या. तिथल्या मास्तराने एक फोटो दाखवला. चिरफळ्या झालेलं मशीन होतं. त्यात ऑक्सिजन भरला होता. नळी नवी आणि कोरडी असेल तर एखाद्या वेळी निभावतं, तो म्हणाला, पण वापरलेल्या मशीनमध्ये कंप्रेसरचं तेल असतं, आणि दाबाखालचा ऑक्सिजन तेलाला भिडला की स्फोट होतो.

जळगावची नळी नवी होती. मी वाचलो होतो, एवढंच.

त्या संध्याकाळी भाऊंना फोन करावा असं मनात आलं. पण फोन केला तर आधी म्हणावं लागलं असतं, की भाऊ, तुमचं बरोबर होतं. आज करू, रविवारी करू, असं करत राहून गेलं. पुढे त्यांच्याशी चार-सहा वेळा बोलणं झालं. मी बर्फाबद्दल सांगितलं, इथल्या भाज्यांच्या भावाबद्दल सांगितलं.

दुसऱ्या हिवाळ्यात आईचा फोन आला. जामनेरला एका घरातला जुना एसी काढून भाऊ दुसऱ्या घरात बसवत होते. नायट्रोजन मिळाला नाही, म्हणून ऑक्सिजन भरला. एक डोळा गेला, हाताची तीन बोटं गेली.

सुट्टीत भेटायला गेलो. भाऊंनी बोटं नसलेला हात टॉवेलखाली घेतला आणि विचारलं, "तठे कशी करतस?" मी सगळं सांगितलं, पान्यापासून त्या फोटोपर्यंत. ते मन लावून ऐकत होते, जणू उद्या कामाला जायचं आहे. शेवटी मला राहवलं नाही.

"भाऊ, मला तर तुम्हीच अडवलं होतं."

"तूच करं व्हतं ना. काही नही जायं," ते शांतपणे म्हणाले. "माले वाटनं, इतला वरीस मी उगाच घाबरनू."

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "तुमले हाई कधी समजनं?"

"पहिल्याच महिन्यात," मी म्हणालो.

त्या आत गेल्या. मी उठेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

तुम्ही जे माझ्यासारखे गाव सोडून गेलात, त्या तुम्हाला इथे मिळणारी इज्जत कळेल. कंपनीत नवीन माणसं माझ्याकडे पाठवतात, याच्याकडून शिका म्हणतात, हा घाई करत नाही. मी मान डोलावतो. आणि तुम्ही जे तिकडेच राहिलात, ते विचारता, परत कधी येणार? आई आहे तोवर येत राहीन. पण गाव आठवायला बसलो की पूर्वी पांझरा नदी, शाळा, मित्र असं काय काय यायचं. आता देवपुरातलं भाऊंचं ते एकच घर येतं. मी कोण आहे हे जगात फक्त तिथे माहीत आहे.

मागच्या खेपेला त्या गल्लीतून जावं लागलं. भाऊ ओट्यावर बसले होते. ज्या बाजूचं त्यांना दिसत नाही, त्या बाजूने मी निघालो. चपलांच्या आवाजाने त्यांनी मान वळवली.

"कोन शे?"

मी चालत राहिलो.