नेमसिंगचं पत्र्याचं इंजिन

नेमसिंगला इंजिन रोज बारा मिनिटं मिळायचं. यवतमाळहून येणारी आमची अरुंद रुळांची धाकटी गाडी दारव्ह्याला पाण्यासाठी थांबे, आणि पाणी भरणारा खलाशी नेमसिंग. चामडी सोंड टाकीत सोडायची आणि टाकी भरेपर्यंत इंजिनाभोवती फिरायचं, हा त्याचा नेम. हातात काळा दोरा असे. चाक मापलं की एक गाठ, धुराडं मापलं की दुसरी. मी त्याला दोनदा फूटपट्टी दिली. दोन्ही वेळा त्यानं ती आदरानं कोनाड्यात ठेवून दिली. मी तिथं बुकिंग क्लार्क होतो. वयानं आम्ही सारखेच, पण तो मला बाबूजी म्हणे आणि ऐके मात्र स्वतःचंच.

मापून तो रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याचं इंजिन बनवत होता, हातभर लांबीचं. त्याला कुणी खेळणं म्हटलं की दिवसभर बोलत नसे. पत्र्याला मागून दाभणानं टोचून त्यानं रिबिटा उठवल्या होत्या, उजवीकडं एकशे बारा, डावीकडं एकशे नऊ.

"दोन्हीकडं सारख्या कर ना," मी म्हटलं.

"खऱ्याच्या तिकडच्या तीन झडल्या हायेत, बाबूजी. नाही त्या कशा लावू?"

नळ्या तांब्याच्या तारेच्या, दांडे सायकलच्या आऱ्यांचे, काळा रंग जवसाच्या तेलात खललेल्या काजळीचा. समोरच्या दिव्याची काच म्हणजे त्याची बायको सुखीबाई हिच्या घागऱ्यावरचा आरसा. आरसा उसवला म्हणून तिनं त्याला चारचौघांत शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी स्वतःच दुसरा उसवून दिला, कारण पहिला दिव्यापेक्षा मोठा निघाला होता.

त्यांचा एकुलता एक मुलगा किसनसिंग त्याच खऱ्या इंजिनावर फायरमन होता. नेमसिंग बंजारा. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलूख हिंडायचे, आणि पुढं चालणाऱ्या म्होरक्या बैलाच्या कपाळावर कवड्यांची माळ असायची. नेमसिंगच्या बापाच्या बैलाची माळ घरात पडून होती. किसननं ती नेऊन इंजिनाच्या दिव्याखाली बांधली. "समोर चालते थो म्होरक्या," एवढंच म्हणाला. ड्रायव्हर आधी कुरकुरला, मग रोज सकाळी माळेला हात लावूनच इंजिनावर चढू लागला. दर दिवाळीला त्याची याडी, म्हणजे आई सुखीबाई, ती माळ नव्या दोऱ्यात ओवून द्यायची.

एकसष्ट सालच्या भादव्यात किसन तापानं गेला. चार दिवसांत खेळ खलास. वय बावीस, लग्न व्हायचं होतं. लग्न न झालेल्याला त्यांच्यात जाळत नाहीत, पुरतात. इंजिनावरची माळ सोडून आणली आणि त्याच्या छातीवर ठेवून त्याला पुरलं. तांड्यातल्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडून, त्यांच्या रीतीप्रमाणं सूर धरून रडल्या. नेमसिंग रडला नाही. तिसऱ्या दिवशी तो बोरी अरबजवळच्या तांड्यावरून सायकल हाणत कामावर आला आणि त्याच इंजिनात पाणी सोडलं.

"रजा घे ना लेका," मी म्हटलं.

"घरी बसून काय करू? मले काईच वाटून नाही राह्यलं, बाबूजी. हात अंगाखाली दबून झोपते ना, तसं."

त्या दिवसापासून त्यानं मुलाचं नाव घेणं टाकलं. वर्ष गेलं, दुसरं गेलं. काम चोख, तब्येत ठीक, जेवण वेळेवर. मला त्याचा राग यायचा, खोटं कशाला बोलू. एका बाजाराच्या दिवशी सुखीबाई माझ्या खिडकीशी आली. तिकीट नको होतं तिला.

"माह्यं दुसरं काई मागनं नाही, बाबूजी. त्यानं एकडाव पोराचं नाव घ्यावं. मी एकलीच घेतो, तं मले वाटते पोरगा माह्या एकलीचाच होता."

इकडं पत्र्याचं इंजिन मात्र नखशिखांत सजत होतं. टाकीचा पोचा आला, गळक्या नळाला गुंडाळलेली चिंधी आली, खऱ्या कोळशाचा चुरा आला. त्रेसष्टच्या हिवाळ्यात दारव्ह्याच्या एका शाळेचं प्रदर्शन होतं. हेडमास्तरांनी इंजिन मागितलं आणि मी आगाऊपणानं होकार देऊन मोकळा झालो.

"पुरं नाही झालं," नेमसिंग म्हणाला.

"आता काय राह्यलं?"

त्यानं दिव्याखाली बोट ठेवलं. तिथं माळ अडकवायला तारेच्या दोन बारीक कड्या होत्या, मधे काही नव्हतं. "कवड्या किती होत्या, मले ठाऊक नाही. रोज पाह्यल्या, मोजल्या कवाच नाही."

रिबिटा मोजणाऱ्या माणसानं कवड्या मोजल्या नव्हत्या, आणि माळ आता मातीखाली होती.

"अबे, लाव पंधरा-वीस! कोण मोजते?"

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मी उगीच तिकिटांचा गठ्ठा नीट करू लागलो. मग माझंच डोकं फिरलं. "जिनं दर दिवाळीले ओवल्या, तिले इचार ना!"

"तिले इचारलं तं..." तो दिव्याची काच पुसू लागला. तिला विचारायचं म्हणजे किसनचं नाव निघणार, हे मला तेव्हा कळलं. दोन वर्षं मी त्याला दगड समजत होतो.

नेमसिंगनं इंजिन घरी नेलं होतं; रविवारी ते आणायला मी तांड्यावर गेलो. वाटीत कवड्यांसाठी खसखस आणि डिंक घेऊन नेमसिंग बसला होता. सुखीबाई भाकरी थापत होती. त्यानं मान खाली घालूनच त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं. तिचा हात थांबला. उत्तर तिनं मलाही कळेल असं दिलं.

"सतरा."

तो पहिला दाणा उचलणार, तोच तिनं ओढणीच्या टोकाची गाठ सोडली. आत एक कवडी होती.

"आखरी फेरीले ही निघाली. मले आणून दिली, म्हणे याडी, ओवून दे. मी म्हटलं, उद्या." तिनं कवडी पुन्हा गाठीत बांधली. "तू सोळाच लाव."

"कोणती निघालती?"

"डाव्या आंगची तिसरी."

त्यानं दोऱ्यावर सोळा दाणे चिकटवले. तिसरी जागा रिकामी ठेवली.

प्रदर्शनात यवतमाळचे एक पाहुणे इंजिनावर बराच वेळ वाकून राहिले. "काम उत्तम आहे. पण इंजिनाला असली माळ कुठं असते? आणि एक दाणाही पडलाय."

मी तोंड उघडणार होतो. नेमसिंग माझ्या आधी बोलला.

"पडला नाही, सायेब. तशीच होती. किसनसिंगची माळ हाये. माह्या पोराची."

मागं बायकांत उभ्या असलेल्या सुखीबाईनं ओढणी तोंडावर ओढली, खाली बसली आणि सूर धरून रडायला लागली, शाळेच्या सभागृहात, सगळ्यांदेखत. हेडमास्तर धावत माझ्याकडं आले. मी म्हटलं, "राहू द्या."

त्या रडण्यात पुरुष बसत नाहीत. नेमसिंग जाऊन तिच्याजवळ फरशीवर बसला. रडू त्याला तेव्हाही आलं नाही. ती श्वास घ्यायला थांबली की तेवढ्यात तो मुलाचं नाव घेत राहिला.