आबांच्या गाडीचा बाक

"बठ्ठं लिधं ना, माय?" कजगाव स्टेशनाबाहेर बैल थांबवून आबांनी विचारलं. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती आणि मी, त्यांची थोरली लेक, धुळ्याला संसार थाटायला निघाले होते. ट्रंक, पाटा-वरवंटा, पिठाचा डबा, सगळं घेतलं होतं. बोलले असते तर रडू फुटलं असतं, म्हणून नुसती मान हलवली. भडगावपासून ज्या फळीवर बसून आले, तिच्यावरून उठवत नव्हतं.

धुळ्यात नळ होता, विजेचा दिवा होता, दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. माझ्या बोलण्यातलं अहिराणी 'शे' जाऊन 'आहे' कधी आलं, कळलंही नाही. पुढचं अंगण मात्र ओकंबोकं. आबा कपाशी घेऊन बाजाराला आले की कुंपणाबाहेरच उभे राहायचे. भाकरीसाठी कळण्याचं पीठ नि मिरच्या माझ्या हातात द्यायचे, आणि तहान लागली की चौकातल्या नळावर जायचे. लेकीच्या घरी बसायचं नाही, पाणी प्यायचं नाही, ही त्यांची रीत. मला भारी राग यायचा त्या रीतीचा. बापाला तांब्याभर पाणी देता येऊ नये, मग कसला माझा संसार?

पुढे गावाला मोटार सुरू झाली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी गेले, तर आमची गाडी गोठ्यामागे मोडून पडलेली. गाडीचं लाकूड चुलीत घालत नाहीत, म्हणून कुणी हात लावला नव्हता. वाळवीला कसली आलीय रीत! मी म्हटलं, हे मी नेते. आबा हसले, "धुयामा लाकडं नही मियतस का?" पण कपाशीच्या ट्रकवर स्वतः चढवून दिलं.

गल्लीतल्या रहीमचाचांनी त्याचा बाक केला. दांड्यांचे पाय, फळ्यांची पाठ, आणि बसायला पुढच्या बाजूला जू, त्याचं वळण मला फार आवडायचं म्हणून. एक चाक अर्धं जमिनीत पुरून उभं केलं, त्याच्या आऱ्यांवर गोकर्णीचा वेल सोडला. शेजारणी विचारायच्या, "बैल कुठं बांधलेत हो?" विचारू देत. मला एकाच माणसाला तिथं बसलेलं बघायचं होतं.

पुढच्या बाजाराला आबा आले. मी म्हटलं, "अंगण माझं असेल, पण लाकूड तुमचंच आहे. बसा की." ते पहिल्यांदा कुंपणाच्या आत आले. बाकाशी वाकले आणि मागे सरले.

"जूवर कोनी बसस का, माय? पोयाले पूजतस ना त्याले!"

पोळ्याला पूजायचं जू मी बसायला घातलं होतं. माझा चेहराच पडला. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते दारात आलं, आणि मीच वाट अडवली होती. आबांनी मात्र रहीमचाचांकडून हातोडी मागवली. जू उपसून काढलं, पाठीच्या फळ्या बसायला घातल्या आणि जू वर, पाठ टेकायच्या जागी ठोकलं. उन्हात घामाघूम झाले. मग हळूच बसले. मी सवयीनं पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते, आशा काही नव्हती.

त्यांनी हात पुढे केला. "मजुरी करी ना मी. आते चाली पानी."

तांब्या त्यांनी एका दमात रिकामा केला. मी वेलाकडे तोंड करून रडले.

उंबरा त्यांनी शेवटपर्यंत ओलांडला नाही. पण दर बाजाराला बाकावर येऊन बसायचे, आणि आधी अंगणातली चार पानं तरी गोळा करायचे, मग पाणी मागायचे. आता आबा नाहीत. गावाकडच्या घराला भावानं नवा दरवाजा बसवलाय, तिथं गेले की मी पाहुणी असते. गाव सोडून लांब आलेल्या बायांनो, माहेर कुठं राहतं, ते मला विचाराल तर माझं या अंगणात आहे. संध्याकाळी जूला पाठ टेकून बसते. स्टेशनावर नुसती मान हलवली होती, ते उत्तर आता तोंडानं देते.

बठ्ठं लिधं, आबा.