माळा नव्हे, माळो

गेल्या रविवारपर्यंत ही गोष्ट मी एकाही माणसाला सांगितली नव्हती. कागदावर तर ती आज पहिल्यांदाच येते आहे. अकरा वर्षं — हो, अकरा — मी ती पोटात ठेवली, आणि त्या अकराही वर्षांत तिचीच एक खोटी आवृत्ती आमच्या घरात विनोद म्हणून चालत राहिली. तो विनोदही मीच पुरवलेला.

आधी एक सांगून टाकते. मी पाखरांसाठी हळहळणारी बाई नाही. बडोद्यात मांजलपूरला तिसऱ्या मजल्यावर राहते, कबुतरं गॅलरीची काय दशा करतात ते रोज बघते, आणि दोन बाजूंना जाळी मीच लावून घेतली आहे. त्याचं मला काही वाटत नाही. कुठल्या पाखराला आपल्याकडे जागा द्यायची आणि कुठल्याला नाही, हे घरातल्या माणसांनी ठरवावं. त्यात लपवण्यासारखं काय आहे? मग मी कबूल तरी काय करते आहे? — थांबा, येते तिथे.

तो विनोद असा. बडोद्यातल्या आम्हा मराठी लोकांच्या तोंडी दोन भाषा एकमेकींत मिसळलेल्या असतात. घरात 'माळा' म्हणजे बाथरूमच्या वरची, जुन्या गाद्या आणि डबे ठेवायची जागा. गुजरातीत 'माळो' म्हणजे घरटं. आमच्याकडे तेव्हाही रमिलाबेन कामाला होत्या, आजही आहेत. तर मी म्हणे रमिलाबेनना सांगितलं, माळा साफ करा — आणि त्यांनी ऐकलं माळो. त्या गेल्या गॅलरीत, आणि होल्याचं घरटं अंड्यांसकट उचलून खाली ठेवून आल्या. माझा नवरा हे फार रंगवून सांगतो. रमिलाबेन घरटं उचलताना आणि मी माळ्याखाली शिडी धरून वाट बघताना, असं दोन्ही करून दाखवतो. लग्नकार्यात सांगून झालंय, बारशाला सांगून झालंय.

शिडी वगैरे काही नव्हतं. मी माळा म्हटलंच नव्हतं.

माझा जन्म बडोद्याचा. वाडीतल्या गुजराती मुलींबरोबर मी लंगडी खेळले, त्यांच्या घरी जेवले. माळो म्हणजे काय हे मला कळत नव्हतं, असं तुम्हाला वाटतं? आणि रमिलाबेनशी मी पहिल्या दिवसापासून गुजरातीतच बोलते. मी म्हटलं होतं, माळो काढी नाखो. घरटं काढून टाका. इतक्या वर्षांत हे कुणाच्या लक्षात येऊ नये? येणार कसं — 'काढून टाका'चं मी सांगताना 'साफ करा' केलं होतं. खोटं बोलायचं तर मी नीट बोलते.

गॅलरीबाहेरच्या कठड्यावर ते घरटं होतं. होल्याचं घरटं तुम्ही पाहिलंय? चार काड्या आडव्या, चार उभ्या, खालून आभाळ दिसतं. माझे सासरे, बाबा, रेल्वेतून निवृत्त झालेले, रोज सकाळी तिथे खुर्ची टाकून बसायचे. मादी त्यांच्यासमोर अंड्यांवर निवांत बसून राहायची. मी नुसती दारात आले तरी मान उंच करायची. त्याच कठड्यावर आम्हाला एसीचा बाहेरचा डबा बसवायचा होता. बाबांनी मला एवढंच सांगितलं, सूनबाई, पिल्लं उडेपर्यंत थांबू या, पंधरा-वीस दिवसांचा तर प्रश्न आहे. मी हो म्हटलं. हे लक्षात ठेवा — मी हो म्हटलं होतं.

मग एसी बसवणाऱ्याचा फोन आला. आज दुपारी येतो, नाहीतर थेट पुढच्या महिन्यात. मे महिना होता, मुलाची परीक्षा होती, घर भट्टीसारखं तापलं होतं — बघा, लागले मी कारणं द्यायला. सोडा. बाबा बँकेत गेले होते. ते तासाभरात परत आले असते आणि मी त्यांना तोंडावर सांगू शकले असते की बाबा, मला थांबता येत नाही. ते नाराज झाले असते, संध्याकाळपर्यंत बोलले नसते, आणि संपलं असतं. तेवढंच करायचं होतं. ते मला जमलं नाही. त्यांच्या नजरेत मी शब्द पाळणारी सून होते, आणि ती जागा मला सोडायची नव्हती.

आणखी एक आहे. विनोदात अंडी असतात. ती अंडी नव्हती. आदल्या दिवशीच पिल्लं बाहेर आली होती — दोन. बाबांना अजून कळलं नव्हतं, कारण मादी उठत नव्हती. माझ्या चाहुलीनं ती क्षणभर उडाली, तेव्हा मी पाहिलं होतं. रमिलाबेननी हात लावायच्या आधी आत डोकावून मला सांगितलं, "बेन, अंदर बच्चां छे." मी म्हटलं, माहीत आहे, काढा.

त्यांनी ते दोन्ही हातांत धरून खाली नेलं, कडुलिंबाच्या बुंध्याशी ठेवलं. वर येऊन हात धुतले आणि भांडी घासायला बसल्या. कावळ्यांना किती वेळ लागला ते मला माहीत आहे, कारण मी गॅलरीत उभी होते.

बाबा आले. कठड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि माझ्या तोंडून तो माळा आणि माळो सगळा तयार होऊन बाहेर पडला — कसा सुचला, आजही मला नवल वाटतं. रमिलाबेन मोरीत होत्या. त्यांना ऐकू गेलं. त्या काही बोलल्या नाहीत. बोलून काय सांगणार होत्या, आणि कुणाला? बाबा रमिलाबेनशी रोज मोडक्या गुजरातीत गप्पा मारायचे. त्या दिवसापासून ते बंद झालं. रागावले नाहीत. फक्त बोलायचे थांबले. अकरा वर्षं ती शिक्षा त्यांनी चुकीच्या माणसाला दिली, आणि मी मधून भाजी वाढत फिरले.

आता या उन्हाळ्याचं. एसीच्या त्याच डब्याखाली, लोखंडी स्टँडवर, पुन्हा होल्याच्या जोडीनं काड्या आणल्या. दोन अंडी झाली. गुरुवारी एसी धुवायला माणूस यायचा होता. ठेवायचं की काढायचं? मी स्वयंपाकघरात रमिलाबेनना सहज विचारलं. त्यांनी कणीक मळता मळता मान वर न करता सांगितलं, "मने ना पूछो बेन. पछी मारुं नाम आवशे." मला विचारू नका. मागाहून माझं नाव येईल.

रागानं नाही म्हटलं. दूध संपलंय सांगावं, तसं म्हटलं. मी तिथून बाहेर आले, पण ते वाक्य काही स्वयंपाकघरात राहिलं नाही.

त्याच दुपारी नणंद कारेलीबागेतून आली होती. सेव-उसळ चालली होती. घरट्याचा विषय निघाला. नणंद म्हणाली, "वहिनी, राहू दे गं बिचारं. फक्त रमिलाबेनना माळ्यावर चढवू नकोस." सगळे हसले. नवऱ्यानं शिडी धरायला सुरुवात केली. रमिलाबेन चहाचा ट्रे घेऊन दारात होत्या, आणि त्याही हसल्या. दर वेळी हसतात. ते हसू मी अकरा वर्षं ओळखत होते.

मी म्हटलं, "मी माळा म्हटलं नव्हतं. माळो म्हटलं होतं. घरटं काढायला मीच सांगितलं होतं. आत पिल्लं आहेत हे मला माहीत होतं."

बाबा आता सत्त्याऐंशीचे. कानाला यंत्र आहे, पण लावत नाहीत. "काय म्हणते ही?" त्यांनी विचारलं. आता पुन्हा सांगायचं, आणि तेही त्यांच्या कानाला पोचेल इतक्या मोठ्यानं. मी सांगितलं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या भाभी गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. त्यांनाही ते नक्की पोचलं. बाबा म्हणाले, "तेव्हाच सांगायचं होतंस." मी म्हटलं, हो. नवऱ्याचे हात अजून शिडी धरलेलेच होते. नणंदेनं वाटी खाली ठेवली.

आणि मला काय वाटलं सांगू? लाज वाटायला हवी होती ना? वाटली असेल. पण त्याआधी मला जिंकल्यासारखं वाटलं. भर उन्हात सगळ्या खिडक्या उघडाव्यात तसं. त्याच दमात मी घरातल्यांना सांगून टाकलं की घरटं राहणार, एसी महिनाभर बंद, ज्याला उकडेल त्यानं ओला पंचा घ्यावा.

रमिलाबेननी ट्रे टेबलावर ठेवला. पदराला हात पुसले आणि ब्लाऊजमधून मोबाइल काढला. त्यांची मुलगी हंसा बाजव्याला दिली आहे. लहानपणी सुट्टीत आईबरोबर आमच्याकडे यायची, दाराशी बसून चित्रं काढायची. तिच्या आईला भाषा कळत नाही, हे माझ्या नवऱ्यानं तिला हसत हसत ऐकवलं होतं. त्यानंतर ती आमच्या घरी आली नाही.

हंसाला फोन लागला. रमिलाबेननी स्पीकर चालू केला, मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला हुकूम सोडला, "बोलो बेन. फरी बोलो."

मी पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. गुजरातीत. काही न गाळता.