मुका मार आणि आमच्या आत्याबाई

माझ्या बायकोच्या आत्याबाईंना माणसाच्या तोंडाआधी त्याचं कोपर दिसायचं. कोपर, गुडघा, नडगी, जिथे म्हणून मुका मार बसू शकतो तिथे त्यांची नजर आधी पोचायची, ख्यालीखुशाली मागाहून. लग्नानंतर पहिल्यांदा इतवारीतल्या त्यांच्या घरी पाया पडायला वाकलो, तर आशीर्वाद राहिला बाजूला आणि त्या म्हणाल्या, "सायकलवरून पडले काय जावईबापू? मनगट हिरवं पडून राहिलं." खरंच पडलो होतो, आणि बायकोपासूनही ते लपवलं होतं.

घरात हातमाग, सारा जन्म रंगीत सुताच्या लडी पाहण्यात गेलेला. त्यामुळे माराचे रंगही त्या लुगड्याचे सांगावेत तसे सांगत. ताजा असला की डाळिंबी, मग जांभळा, पुढे हिरवट आणि शेवटी हळदी. "हळदीवर आला, आता चालला," असं म्हणताना पाहुण्याला सुखरूप गाडीत बसवून दिल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर असे. इलाज सरळ होता. ताज्या माराला माठातल्या पाण्याची पट्टी, पाय असेल तर उशीवर उंच, आणि शेक द्यायचा तो सूज उतरल्यावर. चोळणाऱ्यांचा मात्र त्यांना भयंकर राग. शेजारचे गृहस्थ जिन्यावरून घसरले तेव्हा त्यांची बायको गरम तेल घेऊन मांडी रगडायला बसली होती. आत्याबाईंनी वाटीच हिसकावली. "काहून रगडून राहिली वं? आतमंदी रक्त सांडलं त्याचं, अजून सांडवतं काय?" वाटी दुसऱ्या दिवशी परत गेली, तेल नाही.

उमरेडच्या एका लग्नात नवरदेव घोड्यावरून पडला. डोळ्याखाली हे एवढं टेंगूळ. आत्याबाईंनी सरबतासाठी आणलेला बर्फ फडक्यात गुंडाळला आणि त्याच्या गालावर धरून बसल्या. भटजी हाका मारून थकले. वऱ्हाडाने कोमट सरबत प्यायलं. नवरदेवाची आई फोटोच्या काळजीने रडायला लागली, तर तिलाच म्हणाल्या, "फोटू काळापांढरा निघते नं माय, निळं कोणाले दिसते?"

असं सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग एका उन्हाळ्यात माझ्या बायकोच्या दंडांवर आणि पायांवर डाग उठले. कुठे आपटल्याचं तिला आठवेना. आत्याबाई सहज म्हणून आल्या होत्या. त्यांनी तिची बाही वर सारून पाहिलं आणि माझ्याकडे वळल्या.

"जावईबापू, खरं सांगा. हात उचलला काय?"

मी तोंड उघडायच्या आत बायकोच म्हणाली, "नाही वं आत्या! आवाजसुद्धा चढवत नाहीत ते."

आत्याबाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना पटलं. आणि पटल्यावर त्या जास्तच घाबरल्या, कारण मार नव्हता तरी डाग होते.

"दात घासताना रक्त येते काय तुले?"

"येते थोडं."

"उठ. दवाखान्यात चाल. हे माह्या हातचं नाही."

पट्टी नाही, पाणी नाही, त्यांनी तिला तशीच रिक्षात बसवली. रक्त तपासलं. रक्त गोठवणाऱ्या पेशी फार कमी झाल्या होत्या. वेळेवर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. तिला भरती केलं, गोळ्या सुरू झाल्या. आत्याबाई तिच्या खाटेपासून हलल्या नाहीत. रोज सकाळी तिचे हातपाय निरखून नवे डाग मोजायच्या. हळूहळू नवे डाग उठायचे थांबले.

घरी सोडायच्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना थांबवलं. "डॉक्टरसाहेब, माही एक पोरगी होती. तिच्याही आंगावर असेच डाग आले होते. आम्ही तेल लावून चोळत राहिलो. गेली ते. तवा हे औषध होतं काय?"

बायकोने चमकून माझ्याकडे पाहिलं. आत्याला मूल झालं होतं, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

डॉक्टर तरुण होते. हातातला कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "नव्हतं, आजी. तेव्हा कुठेच नव्हतं."

"नव्हतं म्हणते," आत्याबाई मला म्हणाल्या, मी शेजारीच उभा राहून ते ऐकलं होतं तरी.

डॉक्टरांनी खरं सांगितलं की आत्याबाईंचं मन राखलं, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. परतताना रिक्षात त्या बायकोला टेकून बसल्या आणि घर येईपर्यंत पोरीबद्दल बोलत राहिल्या. मंदा नाव होतं तिचं, केस कुरळे होते, आणि झोपेत हसायची.