घरातल्या सगळ्यांचं उत्पन्न धरतात

माझ्या नवऱ्यालाही हे माहीत नाही, म्हणजे कुणालाच माहीत नाही असं समजा. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा आता पोटात राहत नाही म्हणून.

इथे परदेशात, आमच्या गिरावीन उपनगरातल्या मराठी मंडळींत माझं नाव चांगलं आहे, हे आधी सांगायला हवं. कोविडमध्ये दिराला, जावेला आणि त्यांच्या तान्ह्या मुलीला मी घरात ठेवून घेतलं — हल्ली कोण करतं एवढं? असं लोक म्हणायचे. मी "अहो, घरचीच माणसं" असं म्हणून विषय बदलायचे. विषय बदलला की कौतुक वाढतं, हे मला चांगलं कळत होतं.

माझा दीर निखिल इथे शिकायला आला, शिकला, पीआर झाला, म्हणजे कायमचं राहायची परवानगी मिळाली, आणि शेफ म्हणून एका फंक्शन हॉलमध्ये लागला. लॉकडाऊनमध्ये लग्नंच बंद, तर हॉल कशाला उघडा राहतोय? त्याला एका गोदामात शिफ्ट मिळाल्या, पण भाडं परवडेना. प्रसाद, म्हणजे माझा नवरा, आयटीत. आमचं घर मोठं. तो म्हणाला, या इकडे. ते आले. मयूरी, माझी जाऊ, कडेवर स्वराला घेऊन दारात उभी होती, आणि चप्पल कुठे काढू हे तिने मला दोनदा विचारलं.

मयूरी थोड्याच दिवसांत म्हणाली, "ताई, इथे मुलांसाठी सरकार पैसे देतं ना? निखिलची इन्कम आता कमी झालीये. आम्हाला मिळतील का?"

असल्या गोष्टी मला विचारायची सगळ्यांना सवय. व्हिसा, शाळा, टॅक्स — मला येतं, निदान येत असल्यासारखं मी बोलते. मी म्हणाले, "घरातल्या सगळ्यांचं उत्पन्न धरतात गं. प्रसादचा पगार मधे आला की संपलंच."

हे मी खोटं बोलले नव्हते. खरंच तसं वाटलं होतं. घर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? एक छप्पर, एक चूल, खाली जेवायला बसलेली सगळी माणसं. त्यात सरकार कशाला रेघ मारेल? मयूरीलाही ते इतकं पटलं की तिने पुन्हा विचारलं नाही. आपल्यातली कुणीही बाई हीच चूक करेल. चुकीबद्दल मला काही म्हणायचंच नाही. त्यानंतरचं सांगायचंय.

मी घरून काम करत होते. माझा ओजस तेव्हा तीन वर्षांचा. मयूरी घरात आहे म्हटल्यावर मी त्याचं डेकेअर बंद केलं. ती दोन्ही मुलांना सांभाळायची, स्वयंपाक करायची, माझी मीटिंग सुरू झाली की मुलांना मागच्या अंगणात न्यायची. मी तिला कधी सांगितलं नाही हं हे सगळं करायला. ती करत गेली आणि मी करू दिलं. यातला फरक तुम्हाला दिसतो का? मला तेव्हा फार मोठा दिसायचा.

ओजसच्या डेकेअरसाठी आम्हाला सरकारी मदत मिळायची, म्हणून ते बंद केल्याचं आणि प्रसादचा पगार कापल्याचं कळवायला मी एकदा सरकारी ऑफिसात फोन केला. पुष्कळ वेळ ते संगीत ऐकल्यावर एक बाई आली. उत्पन्नाचा प्रश्न निघाला तसं मी आपणहून म्हणाले, माझा दीर पण आमच्यात राहतो, त्याचंही सांगायचं का?

"नो, लव्ह. जस्ट यू अँड युअर पार्टनर," ती म्हणाली.

म्हणजे नवरा-बायकोचं, बस. दीर नाही, जाऊ नाही, चूल एक असो की दोन. मग निखिल-मयूरीच्या बाबतीतही तेच. मी फोन ठेवला. खाली मयूरी थालीपिठं लावत होती, वास वरपर्यंत येत होता. मी जिना उतरले. सांगायलाच उतरले होते, हे अगदी खरं आहे.

मयूरी म्हणाली, "ताई, गरम आहे तोवर खाऊन घ्या. आणि गंमत सांगू? वेंटवर्थव्हिलला युनिटची भाडी उतरलीयेत. किराणा दुकानाच्या मागे एक छोटंसं आहे. थोडेसेच कमी पडतायत, नाहीतर मी आजच हलले असते बघा." आणि हसली. माझ्याशी पहिल्यांदाच इतकी मोकळी हसली असेल.

मी थालीपीठ खाल्लं. लोणी मागून घेतलं. आणि मूग गिळून गप्प बसले.

का? ती गेली असती म्हणून. ओजसला कोण बघणार, दुपारचं ताट कोण वाढणार, म्हणून. शिवाय "माझं चुकलं गं" हे तोंडातून निघेना. आणि याच्याही खाली एक गोष्ट आहे, ती सांगायची मला लाज वाटते — मला देणारी व्हायला आवडत होतं. तिच्याजवळ स्वतःचे पैसे आले असते तर मी कुणाला देणार होते?

एकदा आम्ही दोघी सामान आणायला गेलो. तिने स्वराच्या नॅपीचं मोठं पाकीट ट्रॉलीत ठेवलं, काउंटरजवळ आल्यावर उचलून परत ठेवून आली आणि लहान आणलं. पैसे मी देणार होते म्हणून. "मोठंच घे की गं," मी म्हणाले. किती प्रेमाने म्हणाले! तिचे डोळे भरून आले. त्या वेळीही सांगता आलं असतं. मागच्या वर्षाचे पैसे पुढचा जून संपेपर्यंत मागता येतात, हे मी तोवर वाचून ठेवलं होतं. जून आला. संपला. मी गप्प.

हॉल पुन्हा उघडला तेव्हा ते गेले. किराणा दुकानामागचं घर केव्हाच दुसऱ्याला गेलं होतं, त्यांना आणखी लांबचं मिळालं. वेगळं राहायला लागल्यावर मयूरीने अर्ज केला आणि मुलीचे पैसे तिला मिळायला लागले. निखिलचा पगार पुन्हा वाढलेला, म्हणून थोडेच. "तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं ताई," असं तिने मला कौतुकाने सांगितलं.

इथे थांबले असते तर बरं होतं.

त्यानंतर एका शनिवारी मी मयूरीबरोबर वेंटवर्थव्हिलला गेले होते. मास्क अजून होते. दुकानात भाजीपाशी तिला ओळखीची एक बाई भेटली. नवीन पीआर, भाऊ-वहिनीकडे राहणारी, एका हाताने प्रॅम हलवत होती. नवऱ्याचं काम सुटलंय, मुलांच्या पैशांचं काय करायचं, असं ती विचारत होती.

"एका घरात असाल तर नाही मिळत," मयूरी म्हणाली. "घरातल्या सगळ्यांचं उत्पन्न धरतात. मला पण नव्हते मिळत. माझ्या जाऊबाईंना सगळं माहितीये, विचार ना. हो ना हो ताई?"

दोघी माझ्याकडे बघत होत्या. आता मला कोणती दुपारची ताटं हवी होती? त्या बाईकडून मला काय मिळणार होतं? काहीच नाही. खरं सांगितलं असतं तर मयूरीला मात्र तिथल्या तिथे सगळं कळलं असतं.

"हो," मी म्हणाले. "सगळ्यांचं धरतात."

ती बाई म्हणाली, "बरं झालं विचारलं. थँक यू हं, ताई."

मी म्हणाले, "नो वरीज."

आणि मेथीची जुडी घेऊन बिलाच्या रांगेत उभी राहिले. तिचं नावही मी विचारलं नाही.