दोन तासांची दिल्ली आणि एक कोयता

उमापूरच्या वनमालानं लांबचा प्रवास केला तो सगळा ट्रकच्या हौद्यात, बोचक्यांवर बसून. दिवाळी सरली की ऊसतोडीला जायचं, ऊस संपला की परतायचं. त्यामुळं ती विमानानं दिल्लीला निघाली म्हटल्यावर गावाला हसू आवरेना.

तिची लेक शिवकन्या दिल्लीच्या एका दवाखान्यात नर्स. तिथंच बाळंत झाली, मुलगी झाली. परवा पाचवी. त्या दिवशी सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, आणि बाळाच्या उशाला घरचं लोखंड लागतं. वनमालाच्या घरचं लोखंड म्हणजे तिचा कोयता. रेल्वेनं पाचवी गाठणं अवघड, म्हणून जावई हनुमाननं संभाजीनगर-दिल्ली विमानाचं तिकीट मोबाइलवर धाडलं.

मुकादम सुंदरराव भडकला. टोळी उद्या निघणार, आणि टोळीच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. बाई गेली की तो अर्धा.

“दिल्ली हजार किलोमीटर हाय, वनमाला. तू येस्तोवर उसाचा फड संपंल.”

“हवेतून दोन तास लागत्यात, मुकादम. हितून संभाजीनगरलाच यष्टीला त्याच्याहून जास्त लागतंय. दिल्ली लांब न्हाई, उमापूर लांब हाय.”

विमानतळावर मात्र घोळ झाला. ऊसतोड्या प्रवासात कोयता नजरेआड करत नाही. ट्रकमध्ये बाजूला ठेवला की तो दुसऱ्याच्या हाती गेलाच म्हणून समजा. वनमालानंही तो जुन्या लुगड्यात गुंडाळून हातातल्या पिशवीत ठेवलेला. मशीनच्या पडद्यावर तो उमटला आणि तपासणीवाली पोरगी उठून उभीच राहिली. कोयता इथंच टाका, नाहीतर विमान सोडा, असं तिनं बजावलं.

वनमाला म्हणाली, विमान जाऊ दे. आपल्या उमापुरी हिंदीत तिनं समजावूनही सांगितलं, “ये मेरा हत्यार है, मैं नई फेकती.” हत्यार म्हटल्यावर आणखी दोन बंदूकवाले आले.

शेवटी एका साहेबानं सांगितलं, विमानाच्या पोटातल्या सामानात चालतं. तिला परत सामान घेणाऱ्या काउंटरवर पाठवलं. तिथली मुलगी काउंटर बंद करत होती. वनमाला पुढ्यातून हललीच नाही. मग कोयत्याला पुठ्ठा लागला, चिकटपट्टी लागली, आणि तो सरकत्या पट्ट्यावरून एकटाच निघून गेला. दोन तास तिनं ढगांकडं बघितलंसुद्धा नाही. खाली कोयत्याचं काय चाललं असेल, एवढाच घोर.

दिल्लीत लेकीच्या घरी पाचवीची पूजा मांडली, सटवाईला लिहायला वही-पेन ठेवलं. वनमालानं कोयता काढला तेव्हा हनुमान घुटमळला.

“मामी, कोयता नको. तो दिसला तर सटवाई पोरीच्या कपाळी ऊसच लिहील.”

“शिवकन्याच्या उशालाबी ह्योच व्हता, जावईबापू. फडात, पाचटावर,” वनमाला म्हणाली. “लिहिणारीला काय लिहायचं ते लिहू द्या. आमी तिचं कवा ऐकलंय?”

शिवकन्यानं बाळाच्या डोक्याखालची दुपट्याची घडी अलगद उचलून धरली.