सगुणाचा उजवा हात

बाळकुमला, कोळीवाड्याच्या तोंडाशी, सगुणाचं दुकान होतं. एका भिंतीला व्हिडिओ कॅसेटींची लायब्ररी आणि समोरच्या भिंतीला व्हिडिओ गेमची मशीनं. खाडीत कारखान्यांचं पाणी सुटायला लागलं, जाळ्यात मासळीपेक्षा काळा गाळ जास्त यायला लागला, तेव्हा तिने मासळीची पाटी डोक्यावरून उतरवली ती उतरवलीच. तिचा भाऊ भगवान जहाजावर नोकरीला होता. त्याने व्हीसीआर आणून दिला आणि सगुणाने घराची रस्त्याकडची खोली फोडून तिला शटर लावलं. नवरा गोमाजी मात्र होडी सोडायला तयार नव्हता. गाळ तर गाळ, तो रोज जायचा.

सगुणा शाळेत फार टिकली नाही, पण तिला प्रत्येक गोष्टीवर मत होतं आणि ते विचारायची वाट बघायची तिला सवय नव्हती. व्हीसीआर ही देवाने बायकांसाठी काढलेली वस्तू आहे असं ती सांगे. "टीव्हीवाला सांगंल तवा रडायचं, तो सांगंल तवा हसायचं. आता नको तो तुकडा पुढं ढकला, हवा तो परत बघा." गेमबद्दल आयाबाया तक्रार घेऊन आल्या की म्हणे, "काचेतली मानसं फोडतायत, तुमची तर नाय ना फोडत? मग जाऊ दे." आणि सिनेमातल्या हिरोंवर तर तिचा विशेष राग.

"यो हिरो हाय का पिसाळलेला कुत्रा?" ती काउंटरवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारी. "ती नाय बोलते, यो तिची ओढणी ओढतो. ती पळते, यो गाना गातो. आनि शेवटाला ती हसते! कोनची पोर हसते रे अशी?"

"मावशी, पोरी नाय बोलतात म्हणजे हो असतं," एकदा मशीनपाशी उभा असलेला राघो म्हणाला.

"तुना कोनी शिकवला? तुझे आयशीनं?"

दुकान खदाखदा हसलं. राघो हसला नाही. तो वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपात टर्नर होता. पाळी सुटली की केसांना पाणी लावून यायचा. मारामारीच्या गेमवर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तो खेळायला उभा राहिला की मागे बघ्यांची रांग लागायची. तिथे तो राजा होता, आणि राजाला हसलेलं आवडत नाही.

नाक्यावरच्या नव्या इमारतीत राहणारी चित्रा तेव्हा ठाण्याला कॉलेजात जायची. वडील सुधीर कचेरीत हेडक्लार्क, आई मंदाकिनी शाळेत शिक्षिका. चित्रा कॅसेट बदलायला आली की सगुणाशी तावातावाने वाद घालायची. तिला रडके प्रेमाचे सिनेमे आवडायचे आणि सगुणाला त्यातला एकही पसंत नव्हता. दोघींचं भांडण ऐकायला गिऱ्हाइकं मुद्दाम थांबायची.

मग हळूहळू चित्राने वाद घालणं सोडलं. कॅसेट ठेवायची, दुसरी उचलायची, मशीनांकडे न बघता निघून जायची. एक दिवस सगुणाने तिचं मनगट धरलं.

"काय झाला, पोरी?"

"राघो," चित्रा हळूच म्हणाली. "बसमध्ये मागे उभा राहतो. इमारतीच्या भिंतीवर कोळशाने माझं नाव लिहिलंय, पुढे त्याचं. माझी नाही झालीस तर कोणाचीच होणार नाहीस, असा निरोप पाठवला."

"घरी बोललीस?"

"बाबा म्हणाले, तू त्या दुकानात जाणं बंद कर."

दुसऱ्याच दिवशी सगुणाने राघोला खेळता खेळता मागून कॉलरला धरलं आणि ओढत पायरीवरून खाली ढकललं. "ती पोर नाय बोलली ना? मग नाय. हितं परत दिसलास तर टांग मोडून ठेवीन." राघो उठला, विजार झटकली, भांग सारखा केला. "बघून घेईन, मावशी," एवढंच बोलला आणि गेला.

पुढे चित्राचं लग्न डोंबिवलीच्या एका घरात ठरलं. मुलगा बँकेत होता. ही बातमी राघोपर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. वर्कशॉपात त्याने लोखंड कापायच्या करवतीचं जुनं पातं घेतलं, ग्राइंडरवर घासून टोक काढलं, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळली. हे सगळं तो चार माणसांदेखत करत होता, असं नंतर पोलिसांना कळलं. कोणी विचारलं नव्हतं.

दुपारची वेळ. चित्रा बसमधून उतरली आणि राघो मागच्या दाराने उतरला. घर लांब होतं, दुकान जवळ. ती पळत आत शिरली. शटरशी अडखळली आणि पहिला वार तिच्या खांद्यामागे बसला. पांढऱ्या कुर्त्यावर रक्त इतकं पटकन पसरलं की मशीनपाशी उभ्या पोरांना क्षणभर काही कळलंच नाही. एकाने तर खेळाची दांडी सोडली नाही. मशीनमधून ठोशांचे आवाज येतच होते.

राघोने दुसऱ्या वारासाठी हात उचलला तेव्हा सगुणा काउंटरवरून उडी टाकून मध्ये पडली होती. पातं तिने डाव्या हाताने धरलं. धारेलाच धरलं. त्याने ओढलं, पातं तिच्या बोटांतून हाडापर्यंत सरकत गेलं, पण तिने मूठ उघडली नाही. उजव्या हाताला लोखंडी स्टूल लागलं. ते तिने त्याच्या तोंडावर घातलं. जबडा मोडल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. तो मशीनवर आदळला, काच फुटली, काचेत त्याचं डोकं गेलं. तो घसरत खाली बसला. पातं केव्हाच गळून पडलं होतं. त्याने दोन्ही हात वर केले आणि काहीतरी बोलायला बघितलं, पण तोंडातून रक्ताचे बुडबुडे आले. सगुणाने स्टूल पुन्हा उचललं. पुन्हा घातलं. खांद्यावर, डोळ्यावर, वर केलेल्या हातांवर.

आरडाओरडा ऐकून गोमाजी मागच्या घरातून धावत आला आणि त्याने तिला कमरेला मिठी मारून मागे ओढलं, तेव्हा ती थांबली.

राघो मेला नाही, एक डोळा गेला. चित्राच्या खांद्याला टाके पडले. सगुणाच्या डाव्या हाताची दोन बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत. डोंबिवलीच्या मंडळींनी लग्न मोडलं, तेही शेजाऱ्याकरवी कळवून.

मग एक दिवस सुधीरराव दुकानात आले. कॅसेटींकडे बघत उभे राहिले. "सगुणाबाई, तुमचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण एक विनंती आहे. खेळावरून भांडण झालं आणि त्याने तुमच्यावर हात उगारला, एवढंच कोर्टात सांगा. चित्राचं नाव यायला नको. तिला अख्खं आयुष्य काढायचंय."

"नाव भिंतीवर लिवलाय, साहेब. तवा पुसाया नाय आलात."

सुधीररावांचा चेहरा पडला. "तुम्हाला नाही कळणार," ते म्हणाले आणि निघून गेले.

ठाण्याच्या कोर्टात सगुणाची साक्ष झाली तेव्हा ती एकटीच होती असं तिला वाटलं. नंतर मागच्या बाकावर मंदाकिनीबाई दिसल्या आणि त्यांच्या शेजारी चित्रा. वडिलांना न सांगता मायलेकी रिक्षाने आल्या होत्या. चित्रा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली. राघोच्या वकिलाने विचारलं, "तुम्ही प्रेमाचे सिनेमे फार पाहता, खरं ना?"

"पाहते," चित्रा म्हणाली. "तोही पाहायचा. मी कोणाला भोसकलं नाही."

राघोला शिक्षा झाली. चित्राने पुढे शिक्षण पुरं केलं आणि कल्याणला नोकरी धरली.

गोष्ट इथे थांबली असती तर सगुणाचं नाव कोळीवाड्यात देवीसारखं घेतलं गेलं असतं. काही दिवस घेतलंही. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायका तिच्याकडे येऊ लागल्या. शेजारची मालन सुजलेलं तोंड घेऊन आली, तशी सगुणा उठली, मालनच्या नवऱ्याला, कान्हाला, होड्यांपाशी गाठलं आणि वल्ह्याने झोडपून चिखलात लोळवलं. बायका टाळ्या वाजवत होत्या. मग मशीन हलवणाऱ्या एकाला तिने थोबाडीत दिली. मग रांग मोडणाऱ्याला. मग हरिहर नावाचा कारखान्यातला कामगार टीव्हीवरच्या नाचणारीकडे बघून "काय माल हाय!" म्हणाला. सगुणाने उजव्या हाताने त्याच्या कानाखाली अशी वाजवली की कानातून रक्त आलं. त्या दिवशी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पोरं भिंतीला चिकटून उभी राहिली.

संध्याकाळी गोमाजी जेवायला बसला होता. आमटीत मीठ नाही एवढंच तो बोलला आणि सगुणाचा हात वर गेला. गोमाजी हलला नाही, ताटावरून उठला नाही. हात तसाच वर राहिला.

"राघोला जेलात टाकला," तो म्हणाला. "पन तू अजून त्यालाच मारतंस."

सगुणा खाली बसली. उजवा हात तिने मांडीखाली दाबला. मग म्हणाली, "मारताना बरा वाटला मना. कोनाला बोलले नाय. तो पडला, हात वर केलं त्यानं, तवा तर जास्तच बरा वाटला."

"मना माहीत हाय."

"कसा?"

"मी तुना मागं ओढली तवा तू हसत व्हतीस."

तिने पदर तोंडात कोंबला आणि ती रडली. कोर्टात रडली नव्हती, बोटं शिवताना रडली नव्हती. गोमाजीने आमटीत मीठ घातलं, ढवळलं आणि तिच्यापुढे ताट सरकवलं.

दुसऱ्या दिवशी सगुणा हरिहरच्या खोलीवर गेली. माफी कशी मागतात ते तिला येत नव्हतं. "चल, कानाच्या डॉक्टराकडं," एवढंच ती म्हणाली. दोघं बसने ठाण्याला गेली. दवाखान्यात बाकावर हरिहर तिच्यापासून हातभर अंतर सोडून बसला.

"मावशी, परत मारनार नाय ना?"

सगुणाने खरं ते सांगितलं. "मना नाय माहीत. पन हात वर गेला तर तू पळ. बाकीच्यांनाबी सांग."

हरिहरच्या कानाचा पडदा भरून आला. सगुणाचा हात त्यानंतरही एकदोनदा उठला, पण अर्ध्यावरून परतला आणि पोरं तेवढ्या वेळात दुकानाबाहेर पसार झालेली असत. केबल आली, तशी कॅसेटींची लायब्ररी बसली. मशीनं काही वर्षं चालली, मग तीही गेली. मालन नवऱ्याला सोडून माहेरी निघून गेली. कान्हाला झोडपल्याचं मात्र सगुणाला कधी वाईट वाटलं नाही, आणि तसं ती त्याच्या तोंडावर सांगायची.